दोब्रिंकाची आखूड गिटार

दोब्रिंकाचे हात इतके लहान होते की हिवाळ्यात हातमोजे घ्यायला ती मुलांच्या दुकानात जायची. बालवाडीच्या स्वयंपाकघरात तिची सगळी नोकरी एका लाकडी स्टुलावर उभं राहून झाली, कारण त्याशिवाय मोठ्या पातेल्याच्या तळाला तिची पळी पोचत नसे. निवृत्तीच्या दिवशी बालवाडीने तिला तेच स्टूल भेट दिलं. आता तिचा नवरा गेन्चो त्यावर बसून बाल्कनीत मिरच्या भाजायचा.

तिला एकच हौस होती, गाण्याची. वाचनालयात बायकांचा एक ताफा जुनी गाणी म्हणायचा. त्यात ती खालच्या पट्टीतला आवाज धरायची. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. बोलण्यापुरता उरला, गाण्यापुरता नाही. तरी ती तालमीला जायची, खुर्च्या मांडायची, कॉफी करायची. ताफा चालवणारी रोसित्सा एकदा सहज म्हणून गेली की मंचावर खुर्च्यांना जागा नसते. घरी आल्यावर दोब्रिंका कांदा नसतानाही रडली.

त्याच वसंतात ताफ्यातला एकुलता एक पुरुष, बास गिटार वाजवणारा इलारिओन, वारला. त्याचा फोटो छापलेले काळ्या चौकटीचे कागद त्याच्या दारावर, विजेच्या खांबावर, वाचनालयाच्या फाटकावर लागले. चाळिसाव्या दिवशी बायकोने त्याचे कपडे वाटले. गेन्चोला लोकरीचा स्वेटर मिळाला. तो दोन्ही हातांनी घेत गेन्चो म्हणाला, "देव त्याला क्षमा करो." एवढंच म्हणायचं असतं. मेलेल्याच्या नावाने मिळालेल्या वस्तूचे आभार मानायचे नसतात. मानले तर वस्तू घेणाऱ्याच्या घरातच राहते, मेलेल्याला पोचत नाही.

रोसित्साने जाहीर केलं की बास वाजवणारं कुणी मिळालं नाही तर शरदातल्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला ताल देणारं यंत्र लावू.

"मी शिकते," दोब्रिंका म्हणाली.

"तू? अगं, इलारिओनची गिटार उभी केली तर तुझ्या डोक्यावरून बघेल."

सगळ्या हसल्या. दोब्रिंकाही हसली, आणि दुसऱ्या दिवशी मेतोदी मिस्त्रीकडे गेली. गावातला वाद्यांचा कारखाना चालू होता तेव्हा मेतोदी तिथे गिटारींच्या माना घासायचा. आता एका गॅरेजात दुरुस्त्या करायचा. त्याने तिचा पंजा स्वतःच्या पंज्यावर ठेवून पाहिला आणि विचारलं, बाकीचा हात घरी विसरलीस का.

पण वाट त्यानेच दाखवली. आखूड मानेची घे, म्हणाला. मानेवरच्या आडव्या पट्ट्या जवळजवळ असतात, तारा सैल असतात, नवख्याची बोटं रडत नाहीत. पहिल्या पट्टीवर तर्जनी ठेव आणि करंगळी तिसऱ्या पट्टीपर्यंत जाते का बघ. मनगट न आखडता गेली तर ती गिटार तुझी. स्वस्त असली तर असू दे. खुंट्या, तारा, पोटातली विजेची जोडणी सगळं नंतर बदलता येतं. मान तेवढी डोळ्याला लावून बघ. पिळलेली मान मी बदलून देऊ शकत नाही, माणसाची नाही आणि गिटारीचीही नाही.

दुकानातल्या नव्या गिटारींपैकी एकीची मान पिळलेली होती, दुसरी बसल्या बसल्या मांडीवरून खाली झुकत होती. दोब्रिंका हात हलवत परत आली. ही गोष्ट इमारतभर झाली. त्या आठवड्यात वरच्या मजल्यावरची पाव्लीना दार वाजवून उभी राहिली. तिच्या हातात आखूड मानेची, विटक्या लाल रंगाची बास होती.

"याव्होरची," ती म्हणाली. "घे. तुझ्या हाताला बसेल."

याव्होर तिचा धाकटा भाऊ, कित्येक वर्षं स्पेनमध्ये संत्र्यांच्या बागांत कामाला. कुणी विचारलं की पाव्लीना सांगायची, काम फार आहे, फोनला सवड नसते.

दोब्रिंकाने तिथेच उंबऱ्यावर तर्जनी आणि करंगळी ठेवून पाहिली. करंगळी सहज पोचली. मान सरळ होती. तिला एवढा आनंद झाला की तिने पाव्लीनाचे दोन्ही गाल चुंबले. "कसे गं आभार मानू तुझे. याव्होरलाही माझे आभार सांग."

पाव्लीना गेली नाही. ती दोब्रिंकाच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली, एखादं लहान मूल शिकवलेलं वाक्य म्हणेल याची आई वाट बघते तशी. मग वळली आणि जिन्यातला दिवा न लावता अंधारातून वर गेली.

मेतोदीने एकेक काम हातात घेतलं. आधी तारा, आणि त्याही आखूड गिटारीच्याच, नाहीतर तारेचा जाड भाग खुंटीला गुंडाळला जाऊन तुटतो. त्याने गुळगुळीत तारा घातल्या, म्हणजे बोट सोलवटणार नाही. मग मानेच्या टोकाची पट्टी घासून तारा खाली आणल्या. जड खुंट्या काढून हलक्या बसवल्या, रुंद चामड्याचा पट्टा लावला, तेव्हा मान खाली पडायची थांबली.

घुमणं मात्र थांबेना. दुपार कलली की दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी केलेली गिटार आपोआप एक सूर धरायची. खालचा, लांब, तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा. गेन्चो म्हणायचा, फ्रीज आहे. दोब्रिंकाने फ्रीज बंद करून पाहिला. लोणी वितळलं, सूर तसाच राहिला.

मेतोदी म्हणाला, लिफ्टच्या थरथरीने तार बोलते, होतं असं. त्याने तारा टेकतात त्या घोडीशी, तारांखाली, स्पंजाची पट्टी सरकवली, पोटात तांब्याचा पत्रा चिकटवला, आवाज उचलणारी चकती बदलली. गिटार इतकी गोड वाजायला लागली की रोसित्सानेही भुवया उचलल्या. पण सूर गेला नाही.

खरं म्हणजे तोवर दोब्रिंकाला तो जावा असं वाटेनासं झालं होतं. वाजवताना तो तिच्या बोटाच्या किंचित आधी यायचा, लहानपणी आजोबा रस्ता ओलांडताना बोट धरून आधी पाऊल टाकायचे तसा. ती नुसती त्याच्यामागून जायची. ताल चुकत नव्हता. रोसित्सा म्हणाली, मुरलेल्या माणसासारखी वाजवतेस गं. यंत्राचं नाव मागे पडलं. दोब्रिंकाची खुर्ची मंचावर आली. मी वाजवत नाही, कुणीतरी वाजवून घेतं, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

शेवटचं काम घोडी बदलायचं. मेतोदीने चारही तारा उतरवून बाजूला गुंडाळून ठेवल्या आणि दोघं तिने आणलेला बनित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत पापुद्र्याचा, तुकडा खायला बसली. दारातून ऊन आत आलं होतं. बाकावर लाकूड नुसतं पडलं होतं, तार नसलेलं. आणि तो सूर आला.

मेतोदीचा घास तोंडात राहिला. तो उठला, हात पुसले, गिटारीवर फडकं टाकलं. फडक्याखालून सूर चालूच होता.

"कुणी दिली तुला ही?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. "पण याव्होर तर जिवंत आहे," मेतोदी म्हणाला, आणि जरा थांबून, "नाही का?"

त्यानंतर त्याने तिची थट्टा केली नाही. घोडी घट्ट बसवली, तारा चढवल्या आणि गिटार पोचवायला स्वतः घरापर्यंत आला, पण आत आला नाही.

वर्धापनदिनाला वाचनालयाच्या मागच्या खोलीत बायका केस नीट करत होत्या. दोब्रिंका गिटार मांडीवर घेऊन बसली होती, सूर येतोय ना याचा कानोसा घेत. तो होता. पाव्लीना आत आली. तिच्या हातात पांढरी शेवंती होती. ती तिने दोब्रिंकाच्या हातात दिली नाही, गिटारीवर ठेवली.

चार फुलं होती. जिवंत माणसाला फुलं विषम देतात, मेलेल्याला सम. हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"कधी?" दोब्रिंकाने विचारलं.

"हिवाळ्यात. तिकडेच पुरलं. मी कागद लावला नाही. लावला असता तर खरंच गेला असता." पाव्लीनाचा आवाज अगदी रोजचा होता. "त्या दिवशी दारात मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, आपण न सांगता कुणीतरी म्हणेल."

"मला काय माहीत गं?"

"तेच तर. रोज माझ्या जमिनीखालून त्याला ऐकते मी. दमलाय तो."

बाहेर रोसित्सा पाहुण्यांची नावं घेत होती. आता ताफ्याचीच पाळी. मांडीवर गिटार घुमत होती, आणि ती थांबली तर आपल्या बोटांना वाट दाखवणारं कुणी नाही हे दोब्रिंकाला पक्कं ठाऊक होतं. कार्यक्रम झाल्यावर म्हणते, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. एवढा उन्हाळा थांबला, अजून चार गाणी थांबेल. मग तिचं लक्ष पाव्लीनाच्या चेहऱ्याकडे गेलं. ती पुन्हा तशीच बघत होती, उंबऱ्यावर बघत होती तशी.

दोब्रिंकाने फुलांवर हात ठेवला. "देव याव्होरला क्षमा करो."

सूर थांबला. विझत गेला नाही, वाक्य पुरं झाल्यावर माणूस थांबतो तसा थांबला. पाव्लीनाने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि घरी गेली. कागद छापायला फोटो शोधायचा होता.

मंचावर गिटार म्हणजे नुसतं लाकूड होतं. पहिल्या गाण्यात दोब्रिंका मागे पडली. मागे पडली हे सगळ्यांना ऐकू आलं. रोसित्साने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि मग, का कोण जाणे, ताफ्याने अर्धा श्वास थांबून तिला येऊ दिलं. दुसऱ्या गाण्यात ती एकदाच चुकली. उरलेल्या दोनांत तिने काय केलं ते तिला आठवत नाही, पण बोटं तिचीच होती, दुखत होती. उतरताना रोसित्सा एवढंच म्हणाली, "आज कच्चं वाजवलंस. मंगळवारी लवकर ये."

घरी येऊन तिने गिटार कोपऱ्यात उभी केली. दुसऱ्या दिवशी दुपार कलली. गेन्चो स्टुलावर बसून मिरच्या सोलत होता. सगळा उन्हाळा फ्रीज, फ्रीज करत आलेला तो माणूस हातातली सुरी थांबवून कोपऱ्याकडे पाहू लागला.

"गेला वाटतं तो कोपऱ्यातला," गेन्चो म्हणाला. "काल तुम्ही मंचावर यायच्या जरा आधी, निघताना, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला."