वस्तादांचा हुतूतू

आमचे वस्ताद कधी कशाला पाठ टेकून बसले नाहीत. पाठ टेकली म्हणजे कुस्ती गेली, हे त्यांच्या हाडात इतकं मुरलं होतं की खुर्चीत, बसमध्ये, देवळाच्या खांबापाशीसुद्धा ते ताठच बसायचे. झोपायचे तेही कुशीवर. गुलमंडीवरचा न्हावी त्यांची दाढी करताना पार वैतागून जायचा. जरा मागं रेला की वस्ताद, असं तो काकुळतीला येऊन म्हणायचा. वस्ताद त्याला सांगायचे, "तूच वाक. तुझी कुठं कुस्ती हाय?" बिचारा वाकायचा.

मी मूळचा बिडकीनचा. औरंगाबादला कॉलेजात शिकायला आलो, बेगमपुऱ्यात खोली घेतली, आणि वस्तादांची तालीम अगदी शेजारीच होती म्हणून जायला लागलो. अंगानं मी काडी. वस्तादांनी पहिल्या दिवशी मला खालीवर न्याहाळलं, एक सुस्कारा सोडला आणि हातात फावडं दिलं. आखाड्याचा हौद उकरायचा, लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ करायची, हे काम माझ्यामागं लागलं ते कॉलेज संपेपर्यंत. कुस्ती काही मला आली नाही. माती मात्र झकास यायला लागली.

पोलीस ॲक्शनच्या आधी या तालमीला एका जागीरदाराचा आसरा होता. पैलवानांचा खुराक, म्हणजे तूप, बदाम, दूध, सगळं त्यांच्याकडून यायचं. पुढं जागिरी गेल्या आणि जागीरदारसाहेब स्वतःच बिनदुधाचा चहा प्यायला लागले, तिथं आमच्या पैलवानांना कोण विचारतो? वस्तादांनी त्याचा कधी बाऊ केला नाही. "निजामाचं राज गेलं, लई बेस झालं," म्हणायचे, "पन जाताना आमचं तूप बी घिऊन गेलं."

वस्तादांचा खरा जीव भानुदासवर. हा वेरूळकडचा धनगराचा पोरगा. खांदे बैलासारखे, आणि बोलणं विचाराल तर दिवसाकाठी चार शब्द. वस्तादांना मूलबाळ नव्हतं. ते बोलून दाखवत नसत, पण भानुदास जेवला की नाही याची चौकशी रोज व्हायची. आणि एक दिवस त्याच्या बापाचा निरोप आला. दिवाळीपर्यंत पोराचं कुठं बस्तान बसलं नाही तर त्याला घरी लावून द्या, मेंढरांमागं माणूस कमी पडतंय. बापाचं काही चुकत नव्हतं. कुस्तीवर पोट भरायचे दिवस गेले होते. वस्ताद त्या दिवशी जेवले नाहीत.

त्याच सुमाराला मी कुठूनसं ऐकून आलो की पुण्याकडच्या एका कारखान्याचा हुतूतूचा संघ आहे. दसऱ्यानंतर आपल्याकडं सामने होतात, त्यांना तिथले साहेब येतात आणि गडी पसंत पडला तर थेट नोकरीवर घेतात. वस्तादांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग जाहीर केलं, की यंदा आपली तालीम हुतूतूत उतरणार, आणि भानुदासला नोकरी लावून देणार.

अडचण एवढीच, की वस्तादांना हा खेळ मुळातच पटत नव्हता. मी नियम सांगत होतो आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढत होत्या. शेवटी म्हणाले, "म्हंजे येक जन आत येनार आन त्याला सात जनांनी धरायचं? ह्याला खेळ म्हनत्यात का दरोडा?" मी परोपरीनं समजावलं. छे! त्यांनी आपला नियम घातला तो घातलाच. धरायचं ते एकानं, बाकीच्यांनी अदबीनं बाजूला व्हायचं.

दसऱ्याआधी सरावाचा म्हणून खेळलो तो पहिला सामना आठवला की अजून मला घाम फुटतो. समोरचा गडी हुतूतू करत आमच्यात शिरला. भानुदास मांडी थोपटून पुढं झाला आणि उरलेले आमचे सहा जण हात बांधून मागं सरकले. त्यातला करीम तर वाकून पायाखालचे खडे वेचायला लागला, पडणाऱ्याला लागू नये म्हणून. तो पाहुणा क्षणभर गोंधळला. मग त्यानं भानुदासला वळसा घातला, लग्नाच्या मांडवात उभे असावेत तशा त्या सहाही जणांना शिवला आणि आरामात परत गेला.

चढाईत तर आणखीच बहार. आखाड्यात पाय टाकताना मातीला हात लावून तो कपाळी न्यायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, ही आमच्या तालमीची रीत. करीम हुतूतू म्हणत रेषा ओलांडून गेला, वाकला, माती कपाळाला लावली आणि म्हणाला, "या अली." दम तुटला. पुढच्या चढाईला भानुदास गेला आणि तिथं पोचून "जय बजरंग" म्हणाला. पंचांनी दोघांनाही सारख्याच न्यायानं बाद केलं. तिसऱ्यानं तर कहर केला. धरायला आलेल्या गड्याला त्यानं सुरेख चीत केलं, कुस्ती मारली असं समजून सोडून दिलं आणि मैदानाबाहेर येऊन वस्तादांच्या पाया पडला. वस्तादांनीही त्याची पाठ थोपटली. लोक हसून हसून लोळत होते.

वस्ताद हसले नाहीत. परत येताना वाटेत त्यांनी मला एकच विचारलं, तो गडी एकटा आत येतो तो कशासाठी? मी म्हटलं, सातही जणांना बाद करायच्या इराद्यानं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हौदाभोवती बसवून म्हणाले, "जो येकटा सात जनांच्या घरात शड्डू ठोकून येतो, त्याला येकट्यानं धरनं म्हंजे त्याचा अपमान हाय. सातीच्या साती जनांनी धरा." झालं, नीतीचा प्रश्न मिटला. देवाचाही मिटला. सामन्याआधी रांगेत उभं करून ते सांगायला लागले, की आपापल्या देवाला काय सांगायचं ते आत्ता सांगून घ्या, नंतर मधे बोलायचं नाही. आणि दम वाढावा म्हणून जोर-बैठका हुतूतू म्हणत काढायला लावल्या. पहाटे सगळा बेगमपुरा त्या आवाजानं जागा व्हायचा. समोरच्या घरातल्या खाला, म्हणजे मावशी, त्यांनी एकदा दारातून विचारलं, "वस्ताद, ये कबूतरां कब से पाले?"

आणि विश्वास ठेवा अगर ठेवू नका, आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत गेलो. आमखास मैदानावर ही गर्दी. पुण्याचे साहेब पुढं खुर्चीवर. दोन्ही बाजू बरोबरीत आणि शेवटची चढाई भानुदासची. त्या चढाईवर त्याची नोकरी होती, नाहीतर मेंढरं. आत गेला आणि चौघांनी त्याला असा जखडला की आमच्या काळजाचं पाणी झालं. एक मानेवर, एक कमरेला, दोघं पायांना. भानुदास पडला नाही. ते चार जण अंगावर घेऊन मधल्या रेषेकडं सरकायला लागला, तोंडानं हुतूतू चालूच. मैदानाबाहेर वस्तादही उभ्या उभ्या त्याच्याबरोबर हुतूतू करत होते. त्यांना त्याचं भान नव्हतं. भानुदासचा हात रेषेला लागला तेव्हा त्याचा दम शाबूत होता, वस्तादांचाच संपला होता. आम्ही त्यांना धरून खाली बसवलं. साहेबांनी तिथंच भानुदासचं नाव विचारून घेतलं.

नोकरी लागली तसं भानुदासचं तोंड उतरलं. निघायच्या दिवशी म्हणाला, मला न्हाई जायाचं. वस्तादांनी त्याला हाताला धरून मोटारस्टँडवर आणला, गाडीत बसवला आणि खिडकीशी उभं राहून मोठ्यांदा बजावलं, "नीट नोकरी कर. मला परत तोंड दावू नको." गाडी वळणाआड गेली. परतताना वस्ताद वाटेत एका ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "माझं पोरगं गेलं रे." आणि भर रस्त्यात रडले.

पुढं मी पैठणला मास्तर झालो, पण सुट्टीत तालमीवर चक्कर असायचीच. दर दिवाळीला भानुदासकडून तुपाचा डबा यायचा, गाडीच्या कंडक्टरच्या हाती. तो स्वतः कधी आला नाही. वेरूळला गावी यायचा, तिथूनच परत जायचा. वस्ताद डबा उघडून वास घ्यायचे, चमचाभरही न चाखता पोरांना वाटून टाकायचे. मोठा मानूस झाला आता, कशाला येतोय, एवढंच म्हणायचे. मी निरोप धाडतो म्हटलं की अंगावर यायचे. बोलवायचं नाही म्हणजे नाही, पण दिवाळीच्या चार दिवसांत स्वतः तालीम सोडून कुठं जायचे नाहीत.

वस्तादांनी अंथरूण धरलं तेव्हा मात्र मला राहवलं नाही. त्यांना न विचारता मी पुणं गाठलं. भानुदासच्या डोक्यावरचे केस गेले होते, घरात दोन पोरं होती. त्यानं ऐकलं आणि होता तसा माझ्याबरोबर निघाला. बेगमपुऱ्यात पोचलो तर दाराच्या बाहेरच थांबला. मी आत गेलो, तरी हा उंबऱ्यापलीकडं, मान खाली घालून.

वस्तादांनी आतून बघितलं. म्हणाले, "इतकी वर्सं कुठं व्हतास?"

"तुमीच म्हनला व्हता," भानुदास म्हणाला, "परत तोंड दावू नको."

वस्ताद माझ्याकडं वळून म्हणाले, "येवढी पोरं शिकवली मी. माझं आयकलं ते ह्या येकट्यानं. आन ते बी नेमकं नको ते."

भानुदास आत येऊन त्यांच्या उशाशी बसला आणि वस्ताद जाईपर्यंत तिथून हलला नाही.