दहा मापाचे हातमोजे

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी, मुरबाडच्या एका कारखान्यात, एकवीस बायकांनी प्रशिक्षणाच्या कागदावर हातमोजे घालून सह्या केल्या. एकही सही वाचता येत नव्हती. प्रशिक्षण मी घेतलं होतं.

काम पत्र्याच्या तुकड्यांच्या कडा कानसेने घासण्याचं. बायका आसपासच्या पाड्यांवरून आणि शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीकडून कंपनीच्या बसने येतात. भातकापणीत बोटांना चिंध्या बांधतात, तशाच त्या इथेही बांधत. कंपनीच्या नव्या धोरणाने चिंध्यांवर बंदी घातली आणि जाड हातमोजे सक्तीचे केले. ते धोरण समजावून सांगायला आणि सह्या घ्यायला मला बोलावलं होतं.

मोज्यांची खोकी माझ्यासमोर फोडली. सगळे दहा मापाचे, पुरुषांचे. बायकांनी ते चढवले तेव्हा बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. मी व्यवस्थापकांना तसं सांगितलं.

"सध्या सह्या घ्या. लहान माप मागवू," ते म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही.

धोरण दोन पानांचं होतं. मी ते कामाच्या विभागातच, बायकांना बाकांवर बसवून शब्दशः वाचलं. कलम चार: कामाच्या विभागात असेपर्यंत हातमोजे काढू नयेत. कलम सात: योग्य मापाचे साधन मिळूनही इजा झाल्यास जबाबदारी कामगाराची. सह्यांच्या रकान्यावर छापलेलं होतं, 'योग्य मापाचे हातमोजे मिळाले.'

पुढच्या बाकावर किन्हवलीकडची एक बाई बसली होती. कारखाना सुरू झाल्यापासून ती इथे आहे. तिने हात वर केला.

"मॅडम, ह्यो हात माझा, का कंपनीचा?"

"दोघांचा मिळून हाय गो," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

"मंग कापला त कोनाचा?"

मी कलम सात पुन्हा वाचलं.

"म्हंजे माझा," ती म्हणाली.

राग मला तेव्हाच आला होता. तरी मी कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं, हेही नोंदवणं भाग आहे.

पेन तिच्या हातून दोनदा पडलं.

"अगं, मोजा काढ ना," सुपरवायझर खेकसला.

"मॅडमनी आताच वाचलाय, आत मोजा काढायचा नाय. काढू? तसा लिवून द्या."

त्याने लिहून दिलं नाही. तिने पेन मुठीत धरलं आणि कागदावर एक वाकडी रेघ ओढली. "ही माझी सही. मोजा मापाचा असता त नीट आली असती."

बाकीच्या वीसजणींनी तेच केलं.

व्यवस्थापकांनी कागद पाहिला. "टिंगल चाललीय का? उद्या परत घ्या. बाहेर व्हरांड्यात, मोजे काढून."

म्हणजे मोजे मापाचे आहेत ही कबुली मोजे काढून द्यायची होती. हे मी त्यांना त्याच शब्दांत सांगितलं. "तुमचं काम सह्या घेण्याचं आहे," ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी गेटवर कागद चिकटवलेला होता: सही नसेल त्यांना कामाच्या विभागात सोडू नये. व्हरांड्यात रांग लागली. किन्हवलीची बाई शेवटी उभी होती. वीस सह्या झाल्या. तिने पेन घेतलं, रकान्यावरची ओळ वाचली आणि पेन परत ठेवलं.

"कर गो सही," तिच्या पुढची बाई म्हणाली. "घरी काय सांगशील?"

"सांगेन, हात हाय तसा घेऊन आले."

परतीची बस संध्याकाळी असते. ती चालत फाट्याकडे गेली.

त्या कागदाची प्रत माझ्याकडे आहे. वीस सह्या स्पष्ट आहेत, एकविसावी ओळ कोरी आहे. तळाशी 'मापाची खात्री केली' असं छापलंय आणि त्याखाली प्रशिक्षक म्हणून माझी सही आहे. खात्री मी खरंच केली होती. माप चुकीचं होतं.

गुरुवारी शहापूरजवळच्या त्यांच्या दुसऱ्या कारखान्यात मी तेच धोरण वाचलं. तिथेही खोक्यांवर दहाचाच आकडा होता.

शुक्रवारी मुरबाडच्या गेटवर बसने येणाऱ्या बायकांची नवी यादी लागली. तीत वीस नावं होती.