जुंपून पाहिलेलं ॲप

अर्जुनी मोरगावकडच्या चार-दोन गावांत बैल घ्यायचा तर गोवर्धनला सोबत नेल्याशिवाय कोणी बाजाराला निघत नसे. हा पठ्ठ्या दात बघायचा नाही, शिंगं बघायचा नाही. बैल जुंपायचा, बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात घालायचा आणि तो मध्येच बसतो का, ते गप्प बघत राहायचा. बोलणं त्याच्या अंगात नव्हतंच. घरातलं सगळं बोलणं बायकोनं, सुलोचनाबाईनं, अंगावर घेतलेलं होतं.

तिला लकवा झाला आणि वाचा गेली. डोकं शाबूत, कान शाबूत, पण शब्द बाहेर येईना. काही आठवडे तिनं खाणाखुणा केल्या, मग त्याही सोडल्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाई अशीच मिटत जाईल, अशी धास्ती गोवर्धनला बसली.

गोंदियाला नोकरी करणारी लेक टीना सुट्टी काढून आली. चित्रावर बोट ठेवलं की बोलणारी ॲपं तिनं मोबाइलवर उतरवली. आधी वापरा, पटलं तरच घ्या, हे ऐकून गोवर्धन थक्क झाला.

"सात दिस फुकट? बैलवाला तं घटकाभर जुंपू देतानी कुरकुर करते!"

पहिलं ॲप त्यानं नेट बंद करून पाहिलं. ते मुकं झालं. "चिखलात बसला," म्हणत त्यानं ते काढायला लावलं. दुसरं नेट नसतानाही बसलं नाही, पण त्यातली बाई "कृपया मला पाणी हवे आहे" असं इतकं गोड बोलली, की सुलोचनाबाईनं मोबाइल पालथा घातला. या घरात पाणी असं कधी कोणी मागितलं होतं?

तिसऱ्यात चित्रं तेवढी होती, आवाज आपण भरायचा. टीना भरायला बसली, तर आईनं तिचा हात सारला आणि बोट नवऱ्याकडे केलं.

"मी? बाईचं बोलणं मी बोलू? लोकं हासतीन ना!"

बोट काही हलेना.

मग गोवर्धन बोलायला लागला आणि टीनानं तोंडात बोटं घातली. भाताचं, चहाचं, औषधाचं, शेजारणीबद्दलचं, असं आईचं एकेक बोलणं त्याला जसंच्या तसं पाठ होतं. हेल, दटावणी, मधला श्वाससुद्धा. ज्याला ऐकू येतं की नाही अशी घरादाराला शंका, त्यानं उभ्या संसारात तिचं एक अक्षर सांडू दिलं नव्हतं. काय म्हणावं या माणसाला!

दुसऱ्या दिवशी तो बांधीतून परतला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, तोच त्याचाच आवाज कडाडला, "काऊन जी, चिखलाचे पाय घेऊन कायले शिरून राहिले घरात?"

आवाज त्याचा होता, पण बोलत होती ती. सुलोचनाबाई खाटेवर उठून बसली होती, बोट चित्रावर, आणि तोंडाची एक बाजू हसत होती.

तो मुकाट बाहेर गेला, पाय धुवून आला. तिनं पुन्हा त्याच चित्रावर बोट ठेवलं.

पाय स्वच्छ होते. डोळे पुसत तो परत धुवायला गेला.