वाळ्याचा पडदा

ओल्या वाळ्याचा वास आला आणि मी दारातच थबकले. उदगीरचा जुना डाकबंगला आता वारसा वास्तू झालाय, म्हणून लेक मला दाखवायला घेऊन आली होती. गोऱ्या साहेबांच्या मुक्कामासाठी बांधलेला, असं पाटीवर लिहिलंय.

गोरे गेल्यावर आपले साहेब उतरू लागले. आमची अम्मी उन्हाळाभर इथं कामाला असायची, लहानपणी मीही तिच्यासोबत यायचे. दारांना वाळ्याचे पडदे, आणि त्यांच्यावर बाहेरून पाणी मारायचं. गारवा आतल्यांना, ऊन अम्मीला. एका दुपारी तिला भोवळ आली. पडदा सारून ती आतल्या गार फरशीवर टेकली, डोळे मिटून. बंगल्याचा खानसामा वाकून हळूच म्हणाला, "भाभी, उठा. पडदा सुकून राहिलाय, साहेब जागे व्हतील."

अम्मी उठली, बादली घेऊन बाहेर गेली. किती अदबीनं बोलला, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज त्या अदबीचीच चीड येते.

"अम्मी, लई गार हाय इथं," लेक म्हणाली. "सगळं पहिल्यासारखंच ठेवलंय म्हणे."

खरंच ठेवलं होतं. पडद्यापलीकडं, उन्हात, एक बाई पाणी मारत होती.