हॅरोच्या धुक्यातली किणकिण

"आई, त्या बांगड्या काढून ठेव," साउथहॅम्प्टनच्या कोच स्टेशनवर (लांब पल्ल्याच्या बसचा थांबा) माझी लेक गार्गी म्हणाली. "एकटी चालली आहेस. उगाच लोकांचं लक्ष कशाला?"

"लग्न झाल्यापासून हात मोकळे ठेवले नाहीत मी. आता तुझ्या इंग्रजांसाठी ठेवू?" मी म्हटलं आणि बसमध्ये चढले.

गार्गी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आम्ही दोघींनी मिळून लंडन बघायचं ठरलं होतं, पण ऐनवेळी तिला ड्युटी लागली. मी एकटी जाते म्हटल्यावर जी जुंपली आमची! शेवटी बाईसाहेबांनी अट घातली. एकदा जरी हरवलीस, एकदा जरी काही घडलं, तर पहिल्या बसने परत यायचं आणि माझ्यापासून काही लपवायचं नाही. साताऱ्याहून आमच्या ह्यांनी फोनवर तेल ओतलं, "जाऊ दे गं तिला. हरवली तर तिथल्या पोलिसांना नकाशा वाचायला शिकवून येईल."

साताऱ्याच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. इंग्लंडचा किनारा फळ्यावर न बघता काढून दाखवायचे. त्या खडूच्या देशात एकदा तरी एकटीने, कोणाच्याही मागेमागे न जाता फिरायचं, एवढीच माझी इच्छा होती. गार्गीने परत बोलावलं असतं तर या जन्मात ते राहूनच गेलं असतं.

उतरायचं होतं लंडनच्या कडेच्या हॅरो भागात, गार्गीची मैत्रीण मुक्ता हिच्या फ्लॅटवर. ती नागपूरची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. बँकेच्या कामासाठी ती परगावी गेली होती आणि किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली होती. फोनवर तिने सगळं समजावलं होतं, "काकू, स्टेशनवरून सरळ आलात तर हाय स्ट्रीटने (बाजाराचा मुख्य रस्ता) मोठा वळसा पडतो. सिमेट्रीतून शॉर्टकट आहे. घाबरू नका हं, सगळे तिथूनच जातात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दफनभूमीतून गेले तेव्हा खरंच घाबरण्यासारखं काही नव्हतं. बाग म्हणावी तर थडगी, स्मशान म्हणावं तर बाकांवर बसून लोक कॉफी पीत होते. एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते. त्यांनी मला 'मॉर्निंग' म्हटलं. फाटकावरच्या पाटीवर डस्कला (तिन्हीसांजेला) फाटक बंद होतं असं लिहिलं होतं. मनात म्हटलं, तिन्हीसांजेपर्यंत मी कधीच घरी पोचलेली असेन.

मग शहर पाहिलं. काय सांगू, एवढी माणसं आणि आवाज नाही! आपल्याकडे गर्दी आधी ऐकू येते, मग दिसते. इथे बोगद्यातून माणसांचा लोंढा येतो, नुसता बुटांचा आवाज, तोंडातून शब्द नाही. कोणी कोणाकडे बघत नाही. मला वाटलं होतं, साडी, वर लांब कोट आणि पायात कॅनव्हासचे बूट असं ध्यान बघून निदान चार जण तरी वळून बघतील. छे! लोक माझ्या आरपार पाहत होते. एका दुकानाच्या काचेत मी स्वतःलाच शोधून बघितलं, आहे ना बाई मी, म्हणून.

दुपारी नदीवर गेले तर नदीच नव्हती. धुकं इतकं उतरलं होतं की पुलाच्या मधोमध उभं राहून दोन्ही काठ दिसेनात. खालून एक बोट गेली, तिचा फक्त भोंगा ऐकला. एका कॅफेत जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला अख्खा बटाटा) खाल्ला. त्यावर लोणी सोडलं तर काही नाही. पर्समधली शेंगदाण्याची चटणी भुरभुरली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. चटणीच्या वासाने मात्र शेजारच्या माणसाने वळून बघितलं. म्हटलं, चला, मी दिसते आहे.

परतीला मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन पकडली. शहर मागे पडत गेलं तसा डबा रिकामा होत गेला, आणि एका स्टेशनला पाहते तर पलीकडच्या टोकाला बसलेली एक बाई आणि मी, बस्स. माझ्याच वयाची, मोहरीच्या फुलासारखा पिवळा कोट घातलेली. खिडकीबाहेर नुसतं धुकं. मध्येच दिवे मिणमिणले, आणि गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उगाचच थांबली. मग मी तेच केलं जे आपल्याकडची कुठलीही बाई करेल. उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. बाईमाणसाला बाईमाणसाची सोबत.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. थोडा वेळ पर्स घट्ट धरून बसली, मग उठून दाराशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, हिला पण भीती वाटते आहे. बिचारी!

हॅरोला ती उतरली, मी उतरले. बाहेर आले आणि थक्क झाले. दुपारचे जेमतेम चार, आणि काळोख! वर्गात किती वेळा शिकवलं होतं, उत्तरेकडे हिवाळ्यात दिवस लहान. पृथ्वीचा गोल हातात फिरवून दाखवायचे. पण डोक्यातली तिन्हीसांज साताऱ्याचीच राहिली ना! फाटकाशी पोचले तेव्हा आतून कुठून तरी घंटा वाजत होती. कसली घंटा, मला काय ठाऊक? मोहरी कोट आत शिरताना दिसला. ती आत गेली, म्हणजे रस्ता चालू आहे. मी तिच्या मागे आत शिरले.

आत सकाळची बाग कुठेच नव्हती. दिवा एकही नाही. धुक्यात थडग्यांचे नुसते वरचे भाग दिसत होते, आणि एका दगडी मुलीचा उचललेला हात. मोहरी कोट पुढे, अंधुक. मी नजर हलू दिली नाही. आणि मग मला मागे पावलं ऐकू आली.

मी थांबले, पावलं थांबली. मी चालू लागले, तीही चालू लागली. आधी वाटलं, आपलाच प्रतिध्वनी असेल. पण धुक्यात प्रतिध्वनी कुठला? मी भरभर चालले. पुढची बाई त्याहून भरभर चालू लागली. म्हणजे तिनेही ऐकलंय! माझ्या पाठीवरून सरसरून काटा गेला. मागे बघायची हिंमत होईना. मनात म्हटलं, गार्गी, तू म्हणत होतीस तेच खरं. आता ती बाई दिसेनाशी झाली तर मी संपले. मी पदर आवळला आणि चक्क पळत सुटले.

पुढची बाईसुद्धा पळाली. पायवाट वळली आणि समोर दुसरं फाटक आलं. बंद. साखळी लावलेलं. ती त्या फाटकाला पाठ टेकवून उभी होती, हातात छत्री उगारून.

"काय हवंय तुम्हाला?" ती ओरडली. "ट्रेनपासून तुम्ही माझा पाठलाग का करताय?"

मी? मी पाठलाग करतेय? मग माझ्या शाळेच्या इंग्रजीत सांगितलं की बाई, मी तुमच्या सोबतीने चालले होते हो, मला भीती वाटत होती, माझ्या मागे कोणी तरी आहे.

"मागे कोणी नव्हतं, तुम्हीच होतात," ती म्हणाली. "आणि तो आवाज! कसलीशी किणकिण. अख्खा रस्ताभर. मला वाटलं..." मी हात वर करून बांगड्या दाखवल्या. मी तिला सोबत समजत होते आणि तिच्यासाठी थडग्यांमधून येणारं ते भूत मीच होते! एवढी शरम मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात ती पावलं धुक्यातून बाहेर आली. त्या बाईने छत्री परत उगारली, आणि मी तिचाच दंड धरला.

एक तरुण मुलगी होती. पाठीला सॅक, अंगात सुपरमार्केटचा गणवेश. आम्हाला असं बघून तीच दचकली. "सॉरी, सॉरी! तुम्हाला घाबरवायचं नव्हतं," ती म्हणाली आणि मग माझ्याकडे वळली. "आंटी, मी तुमच्या मागे मागे येत होते. इथून एकटीला जायला मला नको वाटतं. पुढे तुमच्या बांगड्या ऐकू आल्या आणि बरं वाटलं. माझ्या बाच्या (आजीच्या) हातातही अशाच असायच्या."

मुलीचं नाव काजल, घरी गुजराती बोलणारी, जन्म हॅरोचाच. मोहरी कोटवाल्या बाईंचं नाव मार्गारेट. मार्गारेटने छत्री खाली केली आणि काजलकडे, मग माझ्या हाताकडे बघितलं. "एकच आवाज," ती म्हणाली. मला हसू आलं.

काजलने फाटकावरच्या पाटीवरचा नंबर फिरवला. थोड्या वेळाने पलीकडून टॉर्च हलवत एक माणूस किल्ल्या घेऊन आला. "बंद व्हायची घंटा ऐकली नाही का, लेडीज?" म्हणून कुरकुरत त्याने साखळी काढली. "आत आणखी कोणी?"

"माझ्या पुढे एक बाई होती," मार्गारेट म्हणाली. "डोक्याला फिकट रुमाल बांधलेली. खरं सांगायचं तर घंटा वाजत असताना मी आत शिरले ती तिला बघूनच. म्हटलं, ती चालली आहे म्हणजे रस्ता उघडा असेल. ती या फाटकातूनच गेली असणार."

"हे फाटक मी घंटेच्या आधी बंद केलंय. मग ते दुसरं. इथून कोणी गेलेलं नाही," तो म्हणाला.

त्याने पायवाटेवर टॉर्च मारला. धुकं, दगड, त्या दगडी मुलीचा हात. त्याने दोनदा हाक मारली. आम्ही तिघी त्याच्या पाठीशी एकमेकींना चिकटून उभ्या होतो. ओ आली नाही. फाटक लावताना तोसुद्धा घाई करत होता, ते मी बरोबर टिपलं.

पुढचा रस्ता आम्ही तिघी एका ओळीत चाललो, कोणी मागे नाही, कोणी पुढे नाही. त्या फिकट रुमालाबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या दारापाशी मार्गारेट थांबली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी शेजारी बसलात तर आधी हॅलो म्हणा." मी म्हटलं, "आणि तुम्ही उठून जाऊ नका."

घरात शिरले, सगळे दिवे लावले आणि फोन हातात घेऊन बसून राहिले. लपवायचं नाही असं कबूल केलं होतं. सांगितलं तर उद्याची बस ठरलेली. पण अट ती अट. गार्गीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, माझ्या पळण्यासकट. म्हटलं, आता येतंय 'सामान भर'.

"आई," ती हळूच म्हणाली, "रात्रीची ड्युटी संपली की मी कार पार्कपर्यंत चालत जाते ना, तेव्हा पुढे कोणी बाई दिसतेय का ते बघते. दिसली की तिच्या मागे चालते. ती मला घाबरत असेल हे कधी डोक्यातच आलं नाही."

"आणि कोणी नसली तर?"

"मग किल्ल्या मुठीत धरते, टोकं बाहेर काढून, आणि चालते."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं ही मला फोनवर 'मी मजेत' सांगते. मी एका संध्याकाळी जे भोगलं, ते हिचं रोजचं आहे आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. परत ये, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "उद्या कुठे जाणार आहेस?" मी उरलेले दिवस लंडनमध्येच राहिले, एकटीने फिरले, आणि हाय स्ट्रीटचा मोठा वळसा घेऊन घरी येत गेले.

साउथहॅम्प्टन सोडायच्या दिवशी बॅग भरताना गार्गी दारात येऊन उभी राहिली. "त्यातल्या दोन ठेवून जा ना," ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली. मी उजव्या हातातल्या दोन काढून तिच्या हातात चढवल्या. हात मोठा, बांगड्या लहान, साबण लावावा लागला.

आता साताऱ्यात अंधार पडल्यावर फिरून येते. मागे पाऊल वाजलं की पूर्वी मी पाय उचलायचे. आता सावकाश होते आणि हात जरा हलता ठेवते, बांगड्या वाजतील असा. कोणाची तरी लेक असेल, तिला पुढे कोणी आहे हे कळू दे. कधी वळून बघते तर मागे रस्ता रिकामा असतो. अंगावर काटा येतो. तरी हात हलता ठेवते.