कुंपणामागची बादली

आमच्या समोरच्या घरातल्या वहिनींची या जगात स्वतःची म्हणावी अशी जागा होती, ती एका पालथ्या बादलीएवढी. ही बादली त्यांच्या बागेच्या टोकाला, कुंपणाची झुडपं आणि रस्त्याकडची जाळी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत असायची. दुपारी साडेतीन ते चार वहिनी तिच्यावर बसायच्या. वाचायच्या नाहीत, विणायच्या नाहीत, फोनही घरात ठेवून यायच्या. नुसत्या बसायच्या. रस्त्याच्या बाजूने आम्हाला त्या स्वच्छ दिसत, पण तेवढा अर्धा तास त्यांना हाक मारायची नाही, असं सगळ्या गल्लीचं न बोलता ठरलेलं होतं. ओळखीचं हसायचंही नाही. हसलं की त्या उठून चहाचं विचारतील, ही भीती.

घराच्या बाजूने मात्र त्या दिसत नसत, आणि खरी गंमत त्यातच होती. कारण त्या बाजूच्या खिडकीला लागून सासूबाईंची खाट होती.

सासूबाईंनी तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं. वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पडलेला वाकडा टाका त्यांना इकडून दिसायचा. चार वर्षांपूर्वी त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि चालणं बंद झालं. नजर मात्र कुठेही उसवली नाही. खाटेच्या कडेला सायकलची घंटा बसवलेली होती. ही कल्पना त्यांच्या चिरंजीवांची. चिरंजीव पंप दुरुस्त करत महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, त्यामुळे घंटा बसवणं त्यांच्या वाट्याला आलं आणि ऐकणं वहिनींच्या. एकदा वाजली तर पाणी हवं. दोनदा वाजली तर उशी सरकली. तीनदा वाजली तर काही नको, पण तू कुठे आहेस ते कळू दे. हा तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त.

तीनदा वाजली की वहिनी बादलीवरूनच आवाज देत, "कुंपणाला पाणी घालतेय, आई!" कुंपण कमरेच्या वरपर्यंत, बारीक पानांचं आणि असं दाट, की पलीकडे आवाज जायचा, नजर जायची नाही.

यंदा सासूबाईंची छाती कफाने भरली आणि दहा दिवस वहिनींना बाग दिसली नाही. अकराव्या दिवशी सासूबाईंना बरं वाटल्यावर वहिनी जागरणाने अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बाहेर आल्या आणि सवयीने बादलीवर टेकल्या. घंटा तीनदा वाजली. वहिनींनी सवयीनेच आवाज दिला, पाणी घालतेय म्हणून. खिडकीतून शांतपणे उत्तर आलं, "कुठे गं? बसली आहेस की."

वहिनींनी डोळे नीट उघडले. कुंपणाच्या जागी काड्या उभ्या होत्या. काड्यांत कोळ्यासारखी जाळी, जाळ्यांत हिरव्या अळ्या, आणि एवढं खाऊनही त्यांचं जेवण चालूच.

दुसऱ्या दिवशीपासून साडेतीन वाजता वहिनी घरातच दिसू लागल्या. पाचव्या दिवशी नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने नखाने एका काडीची साल खरवडून दाखवली. आत हिरवं होतं. म्हणजे जीव आहे, अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, त्यांची जाळी कापून काढा, मुळाशी थोडं खत घाला, बाकी ते आपलं आपण सावरेल, असं सांगून तो गेला. वहिनींनी मग संध्याकाळपर्यंत एकेक काडी खरवडून पाहिली. प्रत्येक हिरव्याला त्या मान डोलवत होत्या.

पण ज्या बाईने चार वर्षं एकच काम केलं, तिच्या हातून दुसरं काय होणार? फ्रिजवर सासूबाईंच्या औषधांचा तक्ता होता, सकाळ, दुपार, संध्याकाळ. शेजारी कुंपणाचा तक्ता लागला, सकाळ, दुपार, संध्याकाळ. तीन वेळा पाणी, प्रत्येक वेळेला बरोबर खूण. तीन आठवड्यांत फुटलेले चार कोंब पिवळे पडले. नर्सरीवाला पुन्हा आला, माती मुठीत दाबली, तर बोटांतून पाणी निथळलं.

"ताई, हा पेशंट नाही," तो म्हणाला. "याला थोडं एकटं सोडा."

वहिनींनीही माती मुठीत दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "कसं सोडतात, ते सांगा."

त्याला वाटलं, पाण्याबद्दल विचारतायत. आठवड्यातून दोनदा, तो म्हणाला.

इकडे सासूबाईंना मात्र नवं जग मिळालं होतं. काड्यांतून थेट रस्ता दिसे. पोस्टमन कोणाच्या दारात जास्त वेळ उभा राहतो, कोपऱ्यावरचा कुत्रा कोणाला घाबरतो, सगळ्याची त्यांना खबर. माझ्या सदऱ्याचं दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलंय, हा निरोपही वहिनींमार्फत आमच्याकडे पोचला. आणि घंटेला चौथा ठोका आला. चार म्हणजे अळी. मग खिडकीतून सूचना, डावीकडून तिसरं झुडूप, खालची फांदी, आतल्या बाजूला. वहिनी वाकून शोधत, आणि अळी तिथेच असे.

हळूहळू पालवी धरली. रस्ता एकेका पानाने बुजू लागला. आधी कुत्रा गेला, मग पोस्टमन कमरेपर्यंत गेला.

एका संध्याकाळी त्यांना पांढरे पतंग कुंपणावर उतरताना दिसले. त्यांच्या अंड्यांतून पुन्हा त्याच अळ्या निघणार, हे एव्हाना दोघींनाही पाठ होतं. वहिनी मागे स्वयंपाकघरात होत्या, त्यांना काही कळलं नसतं. सासूबाई गप्प राहिल्या असत्या, तर महिन्याभरात रस्ता पुन्हा मोकळा. घंटा चारदा वाजली. वहिनी येईपर्यंत वाजत राहिली.

अंडी पानांसकट खुडली गेली. कुंपण वाचलं, भरलं, आणि एका दुपारी साडेतीनला वहिनी पुन्हा बादलीवर दिसल्या. आम्ही सगळ्यांनी शिस्तीत माना फिरवल्या.

दहाच मिनिटांत त्या उठून आत गेल्या. पुढचं त्यांनीच नंतर आमच्या हिला सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? वहिनी म्हणाल्या, घंटा वाजली नाही म्हणून बघायला आले.

"वाजवलीच नव्हती," सासूबाई म्हणाल्या. "मला इतकी वर्षं वाटायचं, तू तिथे कुणाशी तरी गप्पा मारतेस. कुंपण झडलं तेव्हा कळलं, तू तर नुसतीच बसतेस गं." मग खिडकीतल्या हिरव्या पानांकडे बघत म्हणाल्या, "जा. अजून वीस मिनिटं आहेत."

वहिनी परत जाऊन बसल्या. चार वाजेपर्यंत घंटा वाजली नाही. आम्हाला समोरून दिसत होतं, पूर्ण वीस मिनिटं त्या मान मागे वळवून, कान खिडकीकडे लावून बसल्या होत्या.