दोरीच्या आतलं नाव

आमच्या जालन्याच्या गटात नाव मिळवणं म्हणजे लई मोठं काम. वर्षातून दोन-तीनदा आम्ही कुणाच्या तरी रिकाम्या रानात जुन्या काळची छावणी उभारतो. राहुट्या, चुली, ढाली, दांडपट्टा, आणि सगळ्याभोवती एक दोरी. बघणारे बाहेर, आम्ही आत. आत यायचं तर त्या काळचं नाव घ्यावं लागतं, आणि ते सरांकडून पास करून घ्यावं लागतं. सर म्हणजे इतिहासाचे रिटायर मास्तर, गटाचे मुख्य. नावाच्या बाबतीत बिलकुल दयामाया न्हाई. थोरामोठ्यांचं नाव चालत न्हाई, पदवी चालत न्हाई, रोजचं स्वतःचं नाव तर न्हाईच न्हाई. आणि घेतलेलं नाव त्या काळी खरंच कुणाचं तरी होतं, ह्याचा पुरावा पाहिजे. धान्याच्या मोंढ्यातल्या एका मारवाडी शेटजींना सरदार व्हायचं होतं. सर म्हणाले, "शेटजी, सावकाराचं नाव घ्या, शोभून दिसल." शेटजी फुगून बसले. शेवटी घेतलं, आणि आता त्याच नावानं मिशीला पीळ देत फिरतात.

माझं बदनापुरात शिवणाचं दुकान आहे. गटाचे अंगरखे मीच शिवते. एका छावणीत एकाच्या अंगरख्याचा बंद तुटला म्हणून मी सुई-दोरा घेऊन आत गेले, तर तोच म्हणतो, "ताई, तुम्हाला नाव न्हाई, बाहेर थांबा." डोकंच सरकलं माझं! म्हणलं, थांब, आता नाव घेऊनच आत येते.

कोणतं नाव घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. बारशाला आत्यानं ठेवलं होतं ते. लग्नात ते गेलं. आमच्या ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीबी बावळटासारखी लाजले. मंग सासरी, दुकानात, आधार कार्डावर, सगळीकडं नवंच. आई होती तवर माहेरी गेलं की जुनं नाव कानावर पडायचं. आई गेली आणि त्या नावानं हाक मारणारं कुणी राह्यलंच न्हाई. मला ते परत पाहिजे होतं. इथं मात्र मी ते लिहिणार न्हाई. ते हाक मारायचं नाव आहे.

सर म्हणाले, "नाव जुनं वाटतंय, पण पुरावा? बायांची नावं जुन्या कागदात फार कमी सापडतात हो. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. तुम्हीबी तसंच काही घ्या, लगेच पास करतो."

"सर, अमक्याची बायको तर मी घरी रोजच आहे," मी म्हणलं. "त्यासाठी तुमच्या दोरीत कशाला येऊ?"

मंग मी हट्टालाच पेटले. रविवारी दुकान बंद ठेवून देवळं पालथी घालायला लागले. भक्तांचे पाय लागावेत म्हणून पूर्वी लोक देवळाच्या पायरीवर आपलं नाव कोरून घ्यायचे. ती पायरी घासायची, खाचांमधे पीठ भरायचं, म्हणजे अक्षर उठून दिसतं. गावातल्या बाया विचारायच्या, "काय नवस हाय व्हय?" मी म्हणायचे, "हो, जबर नवस!" जिथं जावं तिथं गड्यांचीच नावं. कंबर मोडून गेली. आमचे हे म्हणायचे, "कशाला जिवाला तरास करून घेऊन राह्यली?" आणि शेवटी परतूरच्या अलीकडं एका महादेवाच्या पायरीवर सापडलं. अगदी माझंच. पुढं नवरा न्हाई, बाप न्हाई, नुसती ती. मी तिथंच बसून ढसाढसा रडले. पुजारी घाबरून पाणी घेऊन आला.

सर स्वतः जाऊन बघून आले. अक्षरांच्या वळणावरून म्हणाले, "बराबर आहे. त्या काळचंच आहे."

पुढची छावणी वडीगोद्रीजवळ होती. सर सगळ्यांसमोर नवीन नावं जाहीर करून राह्यले होते. माझी पाळी आली आणि शेटजींनी खोडा घातला. "सर, स्वतःचं नाव चालत न्हाई ना? हे तर ह्यांचं माहेरचं नाव आहे." सर विचारात पडले. आमचे हे मला सोडायला आल्ते, दोरीपलीकडं मोटारसायकलवर बसून होते. सरांनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही सांगा, हे ह्यांचं नाव आहे का?"

"छे!" हे म्हणाले. "ते तिचं नाव न्हाई. मीच बदललंय की."

"मंग चालतं. पास!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ते नाव माझं न्हाई असं नवऱ्यानं चारचौघांत सांगितलं, म्हणून ते मला मिळालं होतं. ह्यांचा राग आला, सरांचा आला, त्या टाळ्यांचाबी आला. पण म्हणून काय नाव सोडायचं? छाट! मी पदर खोचला आणि दोरीच्या आत गेले.

दुपारी राहुटीसमोर बसून शिवत होते. गाडीची किल्ली माझ्या पिशवीत राहिल्ती, ती मागायला हे दोरीपाशी आले आणि रोजच्या नावानं हाक मारली. मी ऐकली. मान वर केली न्हाई. दुसरी हाक जरा चिडून आली. शेजारची बाई म्हणाली, "अगं, तुला बोलावून राह्यलेत."

"त्या नावाची बाई इथं कुणी न्हाई," मी म्हणलं. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

बघायला आलेली माणसं ह्यांच्याकडं बघायला लागली. मला वाटलं, आता रागानं निघून जातील. जाऊ दे म्हणलं, पायी जातील. टाका घालत राहिले. मंग ह्यांनी घसा खाकरला, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, अडखळत, माझं नाव घेतलं.

"ओ," मी म्हणलं आणि किल्ली घेऊन उठले.